बाई, तुमची दुसरी ओळ

बाई, तुम्ही गेल्यानंतर आज पहिल्यांदा मी रोह्याच्या गाडीत बसले. पेणला नेहमीच्याच डब्यात चढले आणि खिडकीजवळची तुमची जागा सोडून बसले. नागोठण्यापर्यंत तिथं कुणी बसलं नाही. मग एक भाजीवाली चढली. टोपली पायाशी सरकवत तिनं विचारलं, "ही जागा कुनाची हाय का गो?" मी म्हटलं, "नाही. बसा." एवढं म्हणायला मला जरा वेळच लागला. ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

तुमच्या डॉक्टरकीच्या पदव्या, तुमची नोकरी, मुंबई सोडून तुम्ही पेणला येऊन राहिलात, हे सगळं शोकसभेत बोलून झालं. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं. सगळं खरं होतं, पण त्यात तुम्ही कुठं दिसेनात. गाडीत केळ्याचं साल खिडकीबाहेर टाकणाऱ्या माणसाला काठी दाखवून खाली बसवणाऱ्या तुम्ही त्यात नव्हता. माझ्या डब्यातलं वालाचं बिरडं न विचारता अर्धं संपवणाऱ्याही नव्हता. म्हणून मी हे लिहायला घेतलंय. तुमच्याशी थोडं भांडायचं राहिलंय आणि आभार मानायचे तर कधीपासूनचे राहिलेत. दोन्ही एकदमच करते. गाडीत आपण तसंच करायचो.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा रोह्याच्या त्या इस्पितळात रेकॉर्डचं काम म्हणजे कागद लावून ठेवणं, एवढंच मला ठाऊक होतं. तुम्ही माझ्यापुढं ते जाड पुस्तक ठेवलंत. त्यात जगातल्या प्रत्येक आजाराला एक आकडा दिलेला. घरी गेलेल्या पेशंटचा कागद वाचायचा, डॉक्टरांनी लिहिलेला आजार त्या पुस्तकात शोधायचा आणि त्याचा आकडा कागदावर टाकायचा. मला वाटलं, हे काय, सोपं आहे.

मग ते गागोद्याचे आजोबा आले, मुलीकडे रोह्याला राहायला आलेले. त्यांचा कोपर वळत नव्हता. कितीतरी वर्षांपूर्वी बैलानं ढुशी मारून त्यांचा हात मोडला होता आणि घरच्या घरी बांधून तो वाकडाच जुळला होता. कागदावर 'हात मोडलेला' असं वाचून मी हात मोडल्याचा आकडा टाकून मोकळी झाले. तुम्ही कागद घेऊन माझ्या टेबलाशी आलात, समोरच्या बाकावर बसलेल्या आजोबांकडे बोट केलंत आणि म्हणालात, "शैला, या माणसाचा हात तू आज परत मोडलास."

आजोबाच आधी हसले. "नाय हो बाय, बैल कवाच मेला," म्हणाले.

त्या दिवशी तुम्ही मला जे शिकवलंत ते मी तेव्हापासून रोज करत आले. जुन्या दुखापतीचं मागे काही राहिलं असेल तर दोन ओळी लिहायच्या. आज काय होतंय ते पहिल्या ओळीत, ते कशामुळे राहिलं ते दुसऱ्या ओळीत. कोपर वळत नाही, ही पहिली. पूर्वी हाड मोडलं होतं, ही दुसरी. त्याला मुदत नाही. दुखापत गेल्या वर्षीची असो की लहानपणीची, तिच्यामुळे माणसाला आज त्रास होत असेल तर तिला कागदावर जागा आहे. मात्र हे दोन्ही जोडायचं काम डॉक्टरांचं. मला कितीही उघड दिसलं तरी मी मनानं जोडायचं नाही. डॉक्टरांनी लिहिलं नसेल तर कागद परत पाठवायचा आणि विचारायचं. तुमचेच कागद मी तुम्हाला किती वेळा परत पाठवले! दुसरे डॉक्टर चिडायचे. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणायचात, "बघू, आज कुठली ओळ खाल्लीय मी?"

पण बाई, हे पटायला मला वेळ लागला, आणि पूर्ण पटलं असं मी अजूनही म्हणणार नाही. मी हमरापूरची. आमच्या घरी मूर्तींचा कारखाना. रंग देण्याआधी एखाद्या मूर्तीचं बोट निसटलं तर माझे वडील ते असं बसवायचे की सांधा शोधून सापडू नये. एकदा गाडीत मी तुम्हाला हे सांगितलं आणि म्हटलं, "माणसाचंही असंच असावं. जे जुळलंय ते जुळलंय. सांधा कशाला दाखवायचा?"

तुम्ही लगेच म्हणालात, "अगं, मूर्ती काही दिवसांनी पाण्यात सोडायची असते. माणसाला त्याच अंगानं पुढं जगायचं असतं."

मी म्हटलं, "जगू देतात का लोक, एकदा लिहिलं की?"

त्यावर तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागलात. माझा मुद्दा बरोबर असला की तुम्ही खिडकीबाहेर बघायचात, हे मला ठाऊक होतं.

आणि मग सुनंदा आली.

तिला तिचा नवरा घेऊन आला होता, मधुकर. धाटावला कंपनीत होता, रात्रपाळी करून तसाच आलेला. सुनंदा वालाच्या शेंगा तोडता तोडता शेतात पडली होती. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. आणि ही काही पहिली खेप नव्हती. मुलगी झाल्यावर काही काळानं हे सुरू झालं होतं. गावच्या भगतानं नारळ उतरवून दिला, लिंबू दिलं, अंगारा दिला. गुण आला नाही म्हणून इस्पितळ. मधुकरची आई वॉर्डाच्या दाराशीच उभी राहिली, आत आली नाही. तिथूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माहेरचंच दुखनं हाय. आमच्या गल्यात मारली पोर."

दुसऱ्या दिवशी मधुकर माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, एक दाखला पायजे. हिला फिटा येतात, असा." कशाला, म्हणून मी विचारलं तर खाली बघत बोलला. फिटा येणाऱ्या बाईशी झालेलं लग्न मोडता येतं, असं त्यांना कुणी वकिलानं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, तेव्हा कायद्यात तसं कलमच होतं. मुलगी त्यांच्याकडे राहणार आणि सुनंदाला माहेरी धाडणार, असं घरात ठरलंही होतं.

मी धावत तुमच्याकडे आले. तुम्ही सुनंदाच्या कॉटवर बसला होता, काठी बाजूला टेकवून. तिची आई हिराबाई सकाळच्या गाडीनं जित्याहून आली होती. खाडीकडच्या गावातली, सगळा जन्म मिठागरावर गेलेली बाई. पायांच्या टाचा मिठानं फुटलेल्या. तुम्ही तिला परोपरीनं विचारत होता, लहानपणी हिला ताप आला होता का, कधी फिट आली होती का, कधी डोक्याला लागलं होतं का. ती एकच धरून बसली होती, "काय नाय झाला तिला कदी. चांगली होती पोर."

मग तुम्ही सुनंदाचे केस सोडलेत. आई पोरीची वेणी घालायला बसते तशा बसलात आणि बोटं हळूहळू फिरवत राहिलात. कानाच्या वर तुमची बोटं थांबली. "शैला, इथं हात लाव," म्हणालात. मी लावला. हाडात खळगा होता. बोटाचं टोक आत बसावं असा.

"हे काय आहे हिराबाई?"

हिराबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती खाली फरशीवर बसली. मग सगळं बाहेर आलं. सुनंदा परकर नेसायच्या वयाची होती. मीठ भरलेल्या ट्रकवर पोरं चढायची, ही पण चढली. बांधावर ट्रक हेलकावला आणि ही डोक्यावर आपटली. बेशुद्ध होती. पेणला नेलं, टाके घातले. काही दिवसांनी उठून बसली, चालू लागली, आणि घरच्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

"सांगितलं का नाही?" तुम्ही विचारलंत.

"सांगली असती तं लगीन झाला असता का तिचा?" हिराबाई म्हणाली.

मी हिराबाईच्याच बाजूची होते. तुमच्या खोलीत आल्यावर मी दार लावलं आणि तुम्हाला म्हटलं, "बाई, दाखल्यावर 'फिट' लिहू नका. 'चक्कर' लिहा. एका शब्दानं तिचं घर वाचेल."

"आणि ती चुलीपुढं पडली तर? चक्करेच्या गोळ्या देऊ?"

"गोळ्या फिटच्या द्या. कागदावर चक्कर लिहा."

"तू सांगतेस हे? माझे कागद परत पाठवणारी तू?"

मी रडायला लागले होते. तुम्ही रागावला नाहीत, पण ऐकलंही नाहीत. तिच्या डोक्याचा एक्स-रे काढायला लावलात. फिल्म खिडकीशी धरून मला दाखवलीत. हाड आत दबल्याची जुनी खूण होती. तरी तुम्ही घाई केली नाहीत. हिराबाईला परत बसवून घेतलंत. सुनंदाशी एकटीशी बोललात. लग्नाआधी कधी आली होती का, घरात, चुलत्या-मामांत कुणाला आहे का, हे सगळं दोनदा विचारलंत. मग बसून लिहिलंत. मी बाहेर पाठ करून उभी होते. संध्याकाळी आपण एकाच गाडीनं परतलो. पेण आल्यावर तुम्ही उतरायला हात पुढं केलात. मी हात दिला, पण तोंड फिरवून.

दाखला द्यायच्या दिवशी तुम्ही सगळ्यांना बोलावलंत. मधुकर, त्याची आई, हिराबाई, आणि मुद्दाम सुनंदालाही. मधुकरनं कागदाला हात पुढं केला. तुम्ही म्हणालात, "इंग्रजीत आहे. आधी मी मराठीत वाचून दाखवते." आणि वाचलंत. पहिली ओळ, हिला फिट येतात. लग्नाआधी आलेल्या नाहीत. घरात हा आजार दुसऱ्या कुणालाही नाही. दुसरी ओळ, लहानपणी डोक्याला झालेल्या दुखापतीचा हा मागे राहिलेला परिणाम आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर फिट आटोक्यात राहू शकतात.

"म्हंजे लपवली ना यांनी?" सासू उसळली. "व्हती तं सांगाची!"

तुम्ही म्हणालात, "लपवलं. ते चुकलंच. पण सुनंदा तेव्हा एवढीशी होती. तिनं नाही लपवलं."

"मी लपवली," हिराबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "माज्या पोरीला तं त्यो दिस आठवत पन नाय."

मधुकर मात्र भलतंच काही ऐकत होता. तो कागदाकडे बोट करून म्हणाला, "ती दुसरी ओल परत वाचा."

तुम्ही परत वाचलीत. डोक्याला झालेल्या दुखापतीचा परिणाम.

"म्हंजे..." तो अडखळला. "म्हंजे आमच्या पोरीला नाय होनार?"

मला तेव्हा कुठं कळलं, बाई. इतके दिवस हा माणूस बायको टाकायला निघालाय एवढंच मला दिसत होतं. त्याच्या घरी खेळणाऱ्या मुलीकडे तो रोज कसा बघत असेल, आज पडेल की उद्या, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आईपासून तोडलं तर पोर वाचेल, असं कुणीतरी त्याच्या मनात भरवून दिलं होतं.

तुम्ही त्याला विचारलंत, "मधुकर, बैलानं तुझा हात मोडला, तर तुझं पोर मोडका हात घेऊन जन्माला येईल का?"

"नाय."

"मग हेही तसंच. हे रक्तातलं नाही. लागलेलं आहे."

तो तिथंच दाराच्या पायरीवर बसला आणि हमसून रडला. रात्रपाळीचा, मोठा गडी. सुनंदा उठून त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण हात लावायचा की नाही हे तिला कळेना. मी कॉरिडॉरमध्ये निघून गेले. सासू कुणाशी न बोलता एस्टी स्टँडकडे चालू लागली. दाखला टेबलावरच राहिला.

लगेच सगळं गोड झालं नाही. सुनंदा काही महिने माहेरी राहिली. जित्याहून गोळ्या न्यायला यायची तेव्हा तोंड वाळलेलं असायचं. मुलीची आठवण काढायची नाही, असं ठरवून आल्यासारखी बोलायची. तुम्ही फक्त एवढंच विचारायचात, "गोळी चुकवलीस का?" आणि शिमग्याला मधुकर मुलीला खांद्यावर घेऊन खाडीकाठच्या त्या गावात गेला आणि सुनंदालाही घेऊन आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी तिघं इस्पितळात आली. मुलीच्या गालाला गुलाल. तुम्ही तिला चॉकलेट दिलंत, मला नाही. त्या दिवशी गाडीत म्हणालात, "मग? चक्कर लिहायला हवं होतं का?"

मी म्हटलं, "मधुकर तसा नसता तर?"

तुम्ही या वेळी खिडकीबाहेर नाही, माझ्याकडे बघत होता. मग म्हणालात, "तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. खोटं नसतं लिहिलं. पण झोप लागली नसती."

एवढ्यावरच तो वाद राहिला, बाई. मी हरले असं तुम्हाला वाटत होतं. मी हरले नव्हते. प्रत्येक घरात मधुकर नसतो. खरी ओळ लिहिल्यामुळे पोरींना माहेरी परत धाडल्याचंही मी पाहिलंय. पण तुम्ही झोप न लागण्याची किंमत मान्य केलीत, आणि त्यानंतर तुमच्यावर चिडणं मला जमलं नाही. त्यासाठी आभार. बरोबर असणारी माणसं मला पुष्कळ भेटली. बरोबर असूनही घाबरणाऱ्या तुम्ही एकट्याच.

आता माझं खरं भांडण. तुमचा पाय.

पेणला, रोह्याला, सगळीकडे तुम्ही 'काठीवाल्या बाई'. पोलिओ झालेला असं सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. एका पावसाळ्यात नागोठण्याला गाडी अडकली होती. आपण फलाटावर उतरलो आणि तुमची काठी घसरली. मी तुम्हाला सावरलं. पाय दुखावला होता. मी म्हटलं, "पोलिओच्या पायावर फार जोर देऊ नका." तुम्ही ओठ दाबून म्हणालात, "हा पोलिओ नाही, शैला. पण लोकांचं पोलिओवर भागतं."

"मग काय झालं होतं?"

"गाडी आली बघ," म्हणालात. गाडी आली नव्हती.

नंतर मी दोनतीनदा विषय काढला. एकदा तर चिडून म्हटलं, "गावाची दुसरी ओळ तुम्ही लिहिता, तुमची कोण लिहिणार?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "सुनंदाला ती ओळ लागत होती. मला लागत नाही." उत्तर मला पटलं नाही. सुनंदाला सांगावं लागतं, आणि तुम्हाला न सांगायचा हक्क, हे कसं?  कुणी पाडलं होतं, कुठं पडलात, कुणाला वाचवायला ती गोष्ट झाकली होती, मला काहीच ठाऊक नाही. ठाऊक असायला हवं होतं असं अजून वाटतं. आणि वाटतं, नसूही दे.

न्यूमोनियानं तुम्ही आपल्याच इस्पितळात भरती झालात तेव्हा नवीन डॉक्टर केसपेपर लिहीत होते. "मॅडम, डावा पाय... पोलिओ ना?" तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "तुम्हाला काय दिसतंय ते लिहा." 'हो' म्हणाला नाहीत. तेवढ्या तापातही खोटं बोलला नाहीत. मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत आणि किंचित हसलात. पुढं आपलं बोलणं झालं नाही.

तुमचा कागद आज सकाळी माझ्याकडे आला. डॉक्टरांनी लिहिलं होतं, डावा पाय अधू, जुना. मी परत पाठवला नाही. विचारायचं होतं ते माणूस उरलं नव्हतं. न्यूमोनियाखाली पायाच्या दोन ओळी घेतल्या, पहिलीत पायाचा आकडा टाकला. दुसरीत लिहिलं, कारण नमूद नाही. पुस्तकात त्यालाही जागा आहे, ती तुम्हीच मला दाखवली होती.

आज ओपीडीत सुनंदा आली होती, गोळ्या संपल्या म्हणून. बरोबर मधुकर नव्हता, सासू होती. नवीन डॉक्टरांना तिची माहिती नव्हती. मी कागद द्यायला आत गेले होते, तिथंच थांबले. त्यांनी विचारलं, "फिट कधीपासून? घरात अजून कुणाला?" सुनंदा सांगायला लागली, तर सासूनं तिला थांबवलं आणि स्वतःच पुढं सरकली.

"तिच्या घरात कुनाला नाय. आमच्या पन नाय. लहान व्हती तवा मिठाच्या गाडीवरनं डोक्यावर पडली, त्याचा ऱ्हायलाय. तसा लिवा. आईबापाचा काय दोष नाय त्यात."

डॉक्टरांनी लिहिलं.

बाहेर आल्यावर म्हातारीनं मला विचारलं, "त्या काठीवाल्या बाय दिसत नाय आज?"

मी सांगितलं. ती बाकावर बसली. सुनंदाला तिनं औषधाच्या खिडकीकडे पाठवलं. 

"मी त्यांच्याशी कदी धड बोलली नाय गो," ती म्हणाली. "त्या दिशी उठून गेली, ती गेलीच. नंतर येत ऱ्हायली, पन बोलली नाय. आज बोलीन म्हनून आल्ती."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "आत्ता आत जे सांगितलंत ना आजी, तेच सांगायचं होतं त्यांना."

तिनं माझा हात धरला. तुमच्यासाठी इतक्या दिवसांत मला रडू आलं नव्हतं, बाई. ते तिथं आलं.